कवडशातील धूळ आणि अणूचा पुरावा

अंधाऱ्या खोलीत फटीतून कवडसा पडला की त्यात धुळीचे कण सैरावैरा फिरताना दिसतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ल्युक्रेशिअस या रोमन कवीने हेच दृश्य आपल्या काव्यात वर्णिले आणि त्याचे कारणही सांगितले: डोळ्यांना न दिसणारे अणू स्वतःहून हलतात, लहानशा पुंजक्यांना धडका देतात, ते पुंजके त्यांच्याहून थोड्या मोठ्यांना ढकलतात आणि अशी ती हालचाल चढत चढत आपल्या नजरेच्या टप्प्यात येते. अणूंची कल्पना त्याची स्वतःची नव्हती. ल्युसिपस आणि डेमोक्रिटस या ग्रीक विचारवंतांनी मांडलेला व एपिक्युरसने पुढे नेलेला अणुवाद तो लॅटिन वाचकांना समजावून देत होता.

कवडशातील धूळ मुख्यतः हवेच्या झुळकांमुळे हलते, म्हणजे उदाहरण चुकलेच होते. तरीही दिसणाऱ्या थरथरीवरून न दिसणाऱ्या कणांचा माग काढण्याची ती रीत मला ग्रीक अणुवादाचा सर्वांत मोलाचा वारसा वाटते. ‘जे कापता येत नाही ते’ हा ‘अ‍ॅटम’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन या भौतिकशास्त्रज्ञाने अणूच्या आतला इलेक्ट्रॉन हा कण शोधल्यानंतर टिकला नाही.

१८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला परागकणांतील अतिसूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना दिसले. ते सजीव असतील या शंकेने त्याने दगडाची बारीक पूड घेतली. तीही तशीच थरथरली. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी या हालचालीचे गणित मांडले. पाण्याचे रेणू कणावर सर्व बाजूंनी आदळतात, पण ते धक्के क्षणोक्षणी तंतोतंत समान नसल्याने कण भरकटतो, आणि त्याचे मूळ जागेपासूनचे सरासरी अंतर काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते.

हे गणित झाँ पेरँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी पॅरिसमध्ये पडताळून पाहिले. चित्रकारांच्या पिवळ्या रंगात वापरल्या जाणाऱ्या राळेचे जवळपास एकाच आकाराचे गोळे त्यांनी मोठ्या चिकाटीने वेगळे केले, ते पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक वेळाने एकेका गोळ्याची जागा कागदावर टिपली. उंच गेल्यावर हवा विरळ होते, तसेच हे गोळेही वर वर विरळ होत गेले. फरक एवढाच की हवा निम्मी होण्यास काही किलोमीटर चढावे लागते, तर इथे मिलिमीटरचा काही शतांश भागच पुरला. या निरीक्षणांतून त्यांनी अ‍ॅव्होगॅड्रो संख्या, म्हणजे साधारण १२ ग्रॅम कार्बनमध्ये असणाऱ्या अणूंची संख्या, काढली. ती आजच्या ६.०२२ × १०²³ या मूल्याच्या बरीच जवळ होती. अणूंना केवळ सोयीची कल्पना मानणारे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनीही अशा प्रयोगांनंतर अणूंचे अस्तित्व जाहीरपणे मान्य केले.