चेरीची फळगळ

चेरीच्या झाडावर धरलेली फळे पक्व होण्यापूर्वी आपोआप सुटून पडणे. गोड चेरी (प्रूनस एव्हियम) आणि आंबट चेरी (प्रूनस सेरॅसस) या दोन्ही लागवडीतील जातींत ही गळ आढळते. येथील विवेचन मुख्यतः गोड चेरीला धरून आहे.

पिकलेले फळ आणि कच्चे फळ सहसा वेगवेगळ्या सांध्यांवर सुटतात. पिकलेल्या चेरीत फळ आणि देठ यांच्यामधला सांधा सैल होतो, तर कच्चे फळ देठासकट, देठाच्या बुडाशी तुटते. त्यामुळे झाडाखाली देठासह पडलेली, पिवळट किंवा अवेळी लाल झालेली बारीक फळे दिसली, की ती अकाली गळ समजावी.

गळीचे तीन टप्पे मानण्याची पद्धत आहे. पहिल्यात फलन न झालेली फुले बहर ओसरताच झडतात. दुसऱ्यात किंजपुट (फुलाचा पुढे फळ होणारा भाग) जेमतेम फुगून थांबतो. तिसऱ्या टप्प्यात बऱ्यापैकी वाढलेली फळे, आठळी कठीण होण्याच्या सुमारास, रंग बदलून पडतात आणि बागायतदाराला खरी हळहळ याच गळीची वाटते. तिला ‘जून गळ’ (जून महिन्यातली गळ) म्हणतात. पण हे नाव थंड युरोप-अमेरिकेतले आहे. काश्मीरमध्ये लवकर येणाऱ्या वाणांची तोडणीच मे महिन्यात सुरू होते, तेव्हा तेथे जून हा शब्द शब्दशः घेण्यात अर्थ नाही. जर्मन भाषेतील ‘रोटेल्न’ (लाल पडणे) हे नाव लक्षणावरून आलेले असल्याने अधिक नेमके वाटते; मात्र त्याच नावाने जर्मनमध्ये रुबेला हा रोगही ओळखला जातो.

कारणमीमांसा : चेरीच्या किंजपुटात दोन बीजके (बीजांडे) असतात. बहुधा त्यांतले एक लवकरच खुरटते आणि फळाचे भवितव्य उरलेल्या एकावर राहते. हे बीजक फूल उमलल्यावर काही दिवसच ग्रहणक्षम असते आणि उष्ण हवेत ते आणखी लवकर निकामी होते. परागनलिका (परागकणातून बीजकाकडे वाढत जाणारी नळी) तेवढ्या अवधीत पोहोचली नाही, तर परागण होऊनही बी धरत नाही. बहरातले ढगाळ, गार दिवस दुहेरी नुकसान करतात : मधमाश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत आणि परागनलिकेची वाढही मंदावते.

यात स्व-विसंगतीची भर पडते. बहुतेक गोड वाणांना स्वतःचा पराग चालत नाही. पराग आणि किंजल (परागनलिका ज्यातून खाली उतरते ती फुलातली दांडी) यांचे ‘एस’ या जनुकाचे रूप जुळले, की किंजलातील एक विकर (एन्झाइम) परागनलिकेची वाढ वाटेतच रोखते. बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन हे तिन्ही नामांकित वाण एकाच गटातले (‘एस’ जनुकाची तिसरी व चौथी रूपे असलेले, एस३एस४) आहेत. म्हणून ते शेजारी शेजारी लावले तरी एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. कॅनडातील समरलँड येथून 1968 मध्ये प्रसृत झालेल्या स्टेला या वाणाने ही अडचण प्रथम दूर केली. तरीही सगळ्या गळीचा दोष केवळ परागणाच्या अभावावर टाकता येत नाही. आंबट चेरीचे बरेच वाण स्वफलनक्षम असूनही त्यांत गळ असते. 1929 मध्ये संशोधक ब्रॅडबरी यांनी वाढणाऱ्या व गळणाऱ्या फळांची जी तुलना केली, ती आंबट चेरीवरच.

तिसऱ्या गळीच्या मूळ कारणाबद्दल मतभेद आहेत. एका मताप्रमाणे बीतला गर्भ आधी मरतो आणि म्हणून फळ गळते. दुसऱ्या मताप्रमाणे अन्नरसाच्या स्पर्धेत फळ मागे पडते आणि म्हणून गर्भ मरतो. आठळी कठीण होत असताना गराची वाढ जवळजवळ थबकलेली असते, आतला गर्भ मात्र झपाट्याने वाढत असतो. याच सुमारास नवी पालवीही अन्न ओढत असते. पहिल्या मताला अडचण येते ती लवकर पिकणाऱ्या वाणांची. न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथे काम करणाऱ्या संशोधक ट्युकी यांनी 1933 च्या सुमारास दाखवले, की या वाणांत गर्भ अपुरा राहून मरतो आणि तरीही फळ पिकते. म्हणजे गर्भ मरण्यापेक्षा तो केव्हा मरतो याला महत्त्व अधिक, असे म्हणणे सयुक्तिक दिसते.

संप्रेरकांची (वनस्पतीतील हॉर्मोनांची) बाजूही पुरती सरळ नाही. वाढत्या बीतून देठाकडे वाहणारे ऑक्सिन हे संप्रेरक तुटण्याच्या थराला जणू रोखून धरते. तो ओघ आटला, की तो थर इथिलिन या वायुरूप संप्रेरकाला प्रतिसाद देऊ लागतो आणि तेथील पेशीभित्ती विरघळतात. कापसाच्या कोवळ्या बोंडांतून 1963 मध्ये वेगळ्या केलेल्या द्रव्याला गळीवरूनच (इंग्रजीत ‘ॲब्सिशन’) ॲब्सिसिन हे नाव मिळाले व पुढे ते ॲब्सिसिक अम्ल झाले. परंतु गळीतील त्याचा थेट वाटा आता गौण मानतात. नाव मात्र टिकले आहे.

इतर कारणांत कडाक्याची थंडी महत्त्वाची. पूर्ण उमललेली सुमारे 10 टक्के फुले −2.2° से.ला, तर सुमारे 90 टक्के −3.9° से.ला मरतात. अशा फुलाचा मधला भाग काळा पडलेला दिसतो. पाण्याचा ताण, बोरॉनची कमतरता आणि किडी यांमुळेही फळे पडतात.

उपाय : फळे पडू लागल्यावर केलेली फवारणी बहुधा व्यर्थ जाते, कारण बिघाड काही आठवड्यांपूर्वी, बहरातच झालेला असतो. जुळणाऱ्या गटातले, एकाच वेळी फुलणारे परागदाते वाण आणि बहरात बागेत ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेट्या यांवर भर देतात. अमेरिकेत इथिलिनची निर्मिती रोखणारे द्रव्य बहरात फवारून बीजकाचे आयुष्य वाढवण्याची पद्धतही आहे. थोडीफार गळ मात्र स्वाभाविक असून फुलांपैकी पाव ते एकतृतीयांश फळे टिकली तरी पीक चांगले समजले जाते.

भारतात चेरी मुख्यतः काश्मीर खोऱ्यात (तेथे तिला ‘गिलास’ म्हणतात) आणि हिमाचल प्रदेशातील कोटगढ-नारकंडा भागात होते. महाराष्ट्रात पुरेशी थंडी नसल्याने तिची लागवड नाही; येथे केकवर वा पानात दिसणारी ‘चेरी’ बहुधा साखरेत मुरवून रंगवलेले करवंद असते.