वादांची यादी आणि अजिंठ्याची भिंत

मराठवाड्यात ए.टी.डी. किंवा जी.डी. आर्ट या कलेच्या पदविका केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, यादी तोंडपाठ असते: दृक्प्रत्ययवाद, बिंदुवाद, घनवाद, अभिव्यक्तिवाद, दादावाद, अतिवास्तववाद. कलेच्या इतिहासाच्या पेपरात ‘टिपा लिहा’ म्हणून हेच येतं. प्रत्येक वादाखाली चार ओळी, दोन चित्रकार, एक सन. पण हे वाद एकामागून एक रांगेत जन्मले नाहीत. आधीच्याशी कडाकडा भांडत जन्मले, आणि ते भांडण काढून टाकलं की उरतात ती नुसती नावं.

भांडणाचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसात आहे. तिथे ‘सालों’ नावाचं सरकारमान्य प्रदर्शन भरायचं. त्यात चित्र लागलं तर गिऱ्हाईक, नाही लागलं तर उपासमार. पुराणकथा, इतिहास, गुळगुळीत रंगकाम ही परीक्षकांची आवड. 1839 साली छायाचित्रणाची रीत जाहीर झाली आणि हुबेहूब रेखाटण्याची मक्तेदारी गेली. 1841 साली रंग पिळून काढायच्या धातूच्या नळीचं पेटंट निघालं, त्यामुळे तैलरंग घेऊन रानात जाणं सोपं झालं. या नळीचं महत्त्व आपल्या गाइडांमध्ये सहसा येत नाही. माझ्या मते ते कुठल्याही जाहीरनाम्याइतकंच आहे.

1863 साली नाकारलेल्या चित्रांची संख्या इतकी वाढली की खुद्द सम्राटाने त्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. लोक तिथे हसायला गेले. पुढे 1874च्या एप्रिलात मोने, रेन्वार, देगा, पिसारो आणि मंडळींनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन मांडलं. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रावरून एका समीक्षकाने ‘इम्प्रेशनिस्ट’ अशी टिंगल केली आणि तेच नाव चळवळीला चिकटलं; आपल्या यादीतला दृक्प्रत्ययवाद तो हाच. यांचं म्हणणं काय होतं ते मोनेच्या 1890-91च्या गंजींच्या चित्रांत दिसतं. आपल्याकडे सुगीनंतर शेतात कडब्याच्या गंजी लागतात, तशाच त्याच्या गावच्या धान्याच्या गंजी. विषय तोच, पण सकाळी, संध्याकाळी, धुक्यात, बर्फात वेगवेगळा रंगवलेला. सावली काळी नाही, जांभळी-निळी. त्याने रंगवला तो गंजीवरचा उजेड.

मग पुढच्या पिढीला तेवढ्यावर समाधान वाटेना. स्यूराने उजेडाचे शास्त्रशुद्ध ठिपके केले. व्हॅन गॉगने रंगात आतली घालमेल ओतली. सेझानला मात्र उजेडाखाली हरवलेला आकार परत हवा होता. टेबलावरची फळं रंगवताना तो एकाच चित्रात थोडं वरून, थोडं समोरून बघायचा. घनवादाचं बी त्यात आहे. 1905 साली मातिस आणि त्याच्या सोबत्यांचे भडक रंग पाहून व्हॉक्सेल या समीक्षकाने त्यांना रानटी जनावरं, फ्रेंचमध्ये ‘फोव्ह’, म्हटलं. याच गृहस्थाने 1908 साली ब्राकच्या चित्रांत ‘घन’ दिसतात अशी खोच मारली. दोन्ही चळवळींची नावं यांच्याच टोमण्यांतून आली.

ही सगळी उलथापालथ एकट्या युरोपच्या डोक्यातून निघाली नव्हती. मोने-व्हॅन गॉगच्या घरी जपानी छापचित्रं होती. गोगँकडे बोरोबुदुरच्या शिल्पांची छायाचित्रं होती आणि त्यातल्या मुद्रा त्याने आपल्या चित्रांत घेतल्या. 1907च्या सुमारास पिकासो पॅरिसच्या संग्रहालयात आफ्रिकेतले मुखवटे बघत होता. सपाट रंग, ठसठशीत बाह्यरेषा, एका जागेवरून बघण्याची सक्ती नाही: युरोपला नवं वाटलेलं हे बाकी जगात जुनंच होतं.

आणि नेमक्या त्याच काळात आपल्या अजिंठ्यात उलटा कारभार चालला होता. 1819 साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी लेण्यांत पोचला. 1844 पासून रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या मोठाल्या तैलरंगी नकला केल्या. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, त्यात बहुतेक जळाल्या. मग 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे.जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले. त्यांच्याही बऱ्याच नकला लंडनच्याच संग्रहालयातल्या आगीत गेल्या. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वॉर्निशही चढलं. ते पुढे पिवळं पडलं आणि खालची चित्रं झाकोळली. पॅरिसचे पोरगे शाळेतली शिस्त मोडत होते, तेव्हा मुंबईचे विद्यार्थी तीच युरोपीय शिस्त घेऊन अजिंठा उतरवत होते.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर थोडा वेळ उभं राहिलं की ही विसंगती कळते. भुवई एका दमात ओढलेली. नाकावर, ओठावर, हनुवटीवर उजळ रंग देऊन उठाव आणलेला, पण उजेड कुठल्या बाजूने येतो ते विचारू नका. जमिनीवर पडलेली सावलीच नाही. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्र एकाच सलग पटात पुन्हा पुन्हा भेटतो, राजवाड्यात, रस्त्यावर, वनात. याला घनवाद म्हणणं हा चावटपणा होईल. पण ज्या मुलाने हे पाहिलंय त्याला ‘चित्राला एकच दृष्टिबिंदू असलाच पाहिजे असं नाही’ हे वेगळं शिकवायची गरज पडत नाही.

1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीसोबत नंदलाल बोस, असित हळदार हे बंगालचे चित्रकार नकला करायला आले, आणि अजिंठ्याची रेषा बंगालच्या पुनरुज्जीवनवादी चित्रकलेत गेली. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने 1920 ते 22 मध्ये इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणून सुटलेला गिलावा घट्ट करून घेतला.

युरोपात तोवर पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं. 1916 साली झुरिचमध्ये दादावादी मंडळींनी, असल्या कत्तली करणाऱ्या संस्कृतीची कला तरी कशाला जपायची, असा पवित्रा घेतला. 1917 साली द्युशाँने मुतारीचं भांडं सही करून प्रदर्शनाला पाठवलं. 1924 साली ब्रेतोंने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला आणि स्वप्नांना दार उघडलं. कँडिन्स्की, मालेविच, मोंद्रियान यांनी वस्तूच सोडून दिली. डिसेंबर 1922 मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या कलावंतांची चित्रं थेट कोलकात्यात लागली, क्ली आणि कँडिन्स्कीसकट.

पॅरिसला शिकलेली अमृता शेरगिल 1936च्या अखेरीस अजिंठा-वेरूळला आली. लगेच पुढच्या वर्षी तिने दक्षिण भारतीय विषयांवरची तीन मोठी चित्रं केली. त्यातले दाट लाल-तपकिरी रंग आणि सोपे केलेले देह पाहिले की सेझान, गोगँ आणि अजिंठा एकाच फळ्यावर घोटले गेल्याचं दिसतं. आधुनिक भारतीय चित्रकलेचं एक वळण आमच्या जिल्ह्यात घडलं, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

आमच्या लोकांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. 1947 साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा आधुनिक चित्रकार-शिल्पकारांचा गट काढला. नाझींच्या राजवटीतून आलेले लँगहॅमर, श्लेसिंगर यांच्यासारखे जाणकार त्यांच्या पाठीशी होते. तेव्हा मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता. उच्च शिक्षण उर्दूतून, मुक्तिसंग्राम ऐन भरात. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान गेलं, 1956 साली आम्ही मुंबई राज्यात आलो. रझा तर 1950 सालीच पॅरिसला निघून गेले होते.

मुंबईकडून आमच्या शाळांपर्यंत सगळ्यात खोलवर पोचली ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची परीक्षा. तांब्या, मागे चुण्यांचा पडदा, डाव्या हाताने येणारा उजेड आणि उजवीकडे पडलेली सावली. ड्रॉईंगचे सर तांब्याचा काठ लंबगोल आला नाही तर मार्क कापतात. ही ग्रिफिथ्सच्या काळची शिस्त आहे आणि हात बसवायला ती वाईट नाही. फक्त सेझानने ज्या काठाशी आयुष्यभर झटापट केली तो हाच काठ, हे कुणीतरी त्याच तासाला सांगायला हवं. कॉलेजची अजिंठ्याची सहलही इतिहासाच्या पेपरनंतर नको, आधी निघायला हवी.