बांगडी एका जागी फुटत नाही

‘रजिस्ट्री’ म्हटलं की आपल्याला दुय्यम निबंधकाचं कार्यालय आठवतं. डॉक्टरांची रजिस्ट्री म्हणजे नोंदवही: कुणाचं काय मोडलं, काय केलं, पुढे काय झालं. श्रोणीच्या, म्हणजे ओटीपोटाला सांभाळणाऱ्या हाडांच्या कड्याच्या, अस्थिभंगांची अशी वही जर्मनीत १९९१ पासून चालू आहे.

एवढ्या एका भागासाठी वेगळी वही कशाला? कारण ते कडं आहे. काचेची बांगडी एकाच जागी मोडून दाखवा! नाही जमत. श्रोणीचंही तसंच. समोर जघनास्थी (कड्याचं पुढचं हाड) तुटलेली दिसली, तर मागेही बहुतेक वेळा काहीतरी गेलेलं असतं: त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं हाड) तरी, नाहीतर तिच्या सांध्याचे अस्थिबंध, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे तरी. न्हाणीघरात घसरलेल्या आजींच्या एक्स-रेत समोरची भेग दिसते, मागची बऱ्याचदा सीटी स्कॅनमध्येच सापडते. मोठ्या अपघातात कडं उघडतं, आतली जागा वाढते, त्रिकास्थीसमोरच्या शिरांचं जाळं फाटतं आणि रक्त साचत राहतं, बाहेर थेंबही न दिसता. म्हणून पट्टा आवळून कडं मिटवतात. तो कमरेला नव्हे, मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून जे हाड हाताला लागतं, त्या पातळीवर. (अशा माणसाला हाडवैद्याकडे चोळायला नेणं म्हणजे जिवाशी खेळ.)

शिवाय हे अस्थिभंग थोडे आणि प्रत्येक निराळा. एकेका सर्जनच्या वाट्याला वर्षाकाठी मोजकेच येतात. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असं कुणी म्हणालं, की मला विचारावंसं वाटतं, कितींपैकी किती बरे झाले? अमेरिकेतले सर्जन जोएल मट्टा यांनी १९९६ मध्ये खुब्याच्या वाटीच्या, म्हणजे श्रोणीत मांडीचं हाड जिथे बसतं त्या खोबणीच्या, २६२ अस्थिभंगांचा हिशेब मांडला. जोडणीतली फट १ मिलिमीटरपर्यंत असेल तर नेमकी, २-३ असेल तर अपुरी, त्याहून जास्त तर वाईट. जोडणी जितकी नेमकी, तितका पुढे खुबा चांगला. इतक्या शस्त्रक्रिया फार थोड्यांच्या हातून होतात. बाकीच्यांच्या एकत्र केल्या तरच हिशेब लागतो.

जर्मन वहीत आणखी एक गोष्ट दिसली: रुग्णांचं वय वाढत चाललंय. तरण्या मोटारसायकलस्वारांच्या जोडीला ठिसूळ हाडांचे वृद्ध आले. स्वीडनने २०११ मध्ये सुरू केलेल्या अस्थिभंग नोंदवहीत तर शस्त्रक्रिया न झालेलेही येतात. ते हवेतच, नाहीतर तुलना कुणाशी करणार?

आपल्याकडे अशी वही करायची, तर पहिली पानं निवासी डॉक्टर भरतील. अडचण शेवटच्या रकान्याची आहे: वर्षानंतर मांडी घालून बसता येतं का? लघवीचा त्रास? शरीरसंबंध? टाके काढून गावी गेलेला माणूस हे सांगायला एसटीचं भाडं खर्चून परत येत नाही. त्याला फोन करणारा पगारी माणूस आधी नेमावा लागेल.