इन्स्टॉलेशन प्रोफाइल (नेटवर्कवरून सर्व्हर उभारणी)

नव्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम चढवताना इन्स्टॉलर ठरावीक प्रश्न विचारतो: भाषा कोणती, डिस्कची विभागणी कशी, पॅकेजेस कोणती, रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड काय. या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून एका नावाखाली बांधली, की त्या गाठोड्याला प्रोफाइल म्हणतात. मशीन नेटवर्कवरून बूट होते, आपले प्रोफाइल उचलते आणि कीबोर्डला कुणाचा हात न लागता उभे राहते. दोन-चार मशीनसाठी हा खटाटोप कुणी करत नाही. रॅकला चाळीस मशीन चढली, की मात्र पेनड्राइव्ह घेऊन एकेकासमोर उभे राहणे परवडत नाही. शिवाय हाताने केलेली चाळीस इन्स्टॉलेशन कधीच सारखी निघत नाहीत. वेळ वाचतो हे खरेच, पण सगळी मशीन एकसारखी होणे हा त्याहून मोठा फायदा.

'प्रोफाइल' हा शब्द या अर्थाने रुळला तो सन कंपनीच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीममधील जम्पस्टार्टमुळे. तिथे दोन प्रकारच्या फाइली असत. 'रूल्स' फाइल मशीनचे नाव, मेमरी किंवा प्रोसेसरचा प्रकार पाहून कोणाला कोणते प्रोफाइल द्यायचे ते ठरवी, आणि प्रोफाइलमध्ये प्रत्यक्ष डिस्क व पॅकेजेसचा तपशील असे. वरून वाचत जाताना जो नियम आधी जुळेल तो लागू. म्हणून 'कोणतेही मशीन' हा नियम शेवटी लिहायचा. रेड हॅटचे किकस्टार्ट, डेबियनचे प्रीसीड, सुसेचे ऑटोयास्ट ही त्याच कल्पनेची भावंडे. जर्मनीतील कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'फाय'ने वेगळी वाट धरली: एक मशीन एकाच वेळी अनेक वर्गांत मोडू शकते आणि त्या सर्व वर्गांची बेरीज म्हणजे त्याचे इन्स्टॉलेशन.

प्रोफाइल मशीनपर्यंत पोहोचण्याचा रस्ता जुन्याच प्रोटोकॉलवरून जातो. नेटवर्क कार्डातील पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्रॅम) डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मागते. उत्तरात आयपीसोबत बूट सर्व्हरचा पत्ता आणि पहिल्या फाइलीचे नाव येते. ती फाइल टीएफटीपी या फाइली पोहोचवणाऱ्या साध्या प्रोटोकॉलने उतरते. बायोस (मशीन सुरू करणारे जुन्या पद्धतीचे फर्मवेअर) असलेल्या मशीनवर ती बहुधा पीएक्सईलिनक्स हा लोडर, म्हणजे पुढची सिस्टीम चढवणारा प्रोग्रॅम, असते. हा लोडर आपल्या मशीनची फाइल ज्या चिकाटीने शोधतो ते पाहण्यासारखे आहे. आधी मशीनचा यूयूआयडी (मशीनचा एकमेव ओळख क्रमांक), मग मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कायम पत्ता), मग आयपी षोडशमान पद्धतीत, म्हणजे १९२.१६८.१.१० साठी 'सी०ए८०१०ए'. तेही सापडले नाही, तर शेवटचे एकेक अक्षर गाळत जातो आणि अखेर 'डीफॉल्ट' नावाच्या फाइलीवर थांबतो. एका सबनेटला (नेटवर्कच्या एका तुकड्याला) एक आणि त्यातल्या एखाद्याच मशीनला दुसरे प्रोफाइल देण्याची सोय इथे आपोआप होते. यूईएफआय (बायोसची जागा घेणारे नवे फर्मवेअर) असलेल्या मशीनना मात्र वेगळी बूट फाइल लागते. डीएचसीपीने मशीनचा प्रकार ओळखून योग्य फाइल द्यावी लागते. रॅकमधले एखादेच मशीन बायोस मोडमध्ये राहून गेले, तर नेमके तेच अडते.

टीएफटीपी १९८१ मध्ये प्रमाणित झाला. एका पाकिटात ५१२ बाइट आणि प्रत्येक पाकिटाची पोच. ६० एमबीची इनिटआरडी (बूट होताना मेमरीत चढणारी तात्पुरती फाइल सिस्टीम) या हिशेबाने १,२२,८८० तुकड्यांत येते. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने ३२ एमबीच्या पुढे तो पुन्हा शून्याकडे वळवावा लागतो. पुढे तुकडा मोठा करण्याची सोय आली. तरीही शहाणे लोक टीएफटीपीवरून फक्त लोडर घेतात आणि उरलेले ओझे आयपीएक्सई या अधिक सक्षम लोडरमार्फत एचटीटीपीवर टाकतात.

हे सगळे हाताने जुळवण्याचा कंटाळा आला, त्यातून कॉब्लर हे साधन निघाले. मायकेल डिहान यांनी ते २००६ मध्ये रेड हॅटमध्ये लिहिले. कॉब्लर म्हणजे जोडे सांधणारा. 'बूट'वरची कोटी मराठीतही तशीच चालते. कॉब्लरमध्ये 'डिस्ट्रो' म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) व इनिटआरडीची जोडी. 'प्रोफाइल' म्हणजे डिस्ट्रो, उत्तरांच्या फाइलीचा साचा, रेपो (पॅकेजेसचे भांडार) आणि कर्नलचे पर्याय यांची सांगड. 'सिस्टीम' म्हणजे मॅक पत्ता असलेले एक खरे मशीन. गुण वरून खाली उतरतात आणि खालचा शब्द अखेरचा ठरतो. प्रोफाइलखाली उपप्रोफाइलही काढता येते.

नवशिका इथेच चुकतो. दर मशीनला एक प्रोफाइल काढत जातो आणि वर्षाने त्यातले कोणते जिवंत आहे हे त्यालाही सांगता येत नाही. प्रोफाइल कामावरून काढावे: वेब, डेटाबेस, स्टोरेज. होस्टनेम, आयपी, गेटवे या मशीनच्या खासगी गोष्टी सिस्टीमच्या नोंदीत जाव्यात.

साचा लिहिताना एक खाचखळगा हमखास लागतो. कॉब्लरचे चीता टेम्प्लेट डॉलरचे चिन्ह व्हेरिएबलसाठी वापरते, आणि शेलही (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तेच वापरते. इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या पोस्ट विभागातले शेलचे डॉलर 'रॉ' विभागात झाकून ठेवले नाहीत, तर त्यांवर टेम्प्लेट हक्क सांगते. म्हणून साच्यावर विसंबू नये. साच्यातून तयार होऊन मशीनला प्रत्यक्ष मिळणारी फाइल काढून वाचावी. साचा कोऱ्या कागदावर सुरू करण्याचीही गरज नाही. रेड हॅट घराण्यात एक मशीन हाताने इन्स्टॉल केले, की दिलेल्या उत्तरांची किकस्टार्ट फाइल रूटच्या घरात तयार सापडते.

सर्वांत जपून लिहायच्या ओळी डिस्कच्या. किकस्टार्टमधील 'क्लियरपार्ट ऑल' दिसेल त्या डिस्कवरचे पार्टिशन पुसते, आणि दिसणाऱ्यांत सॅनवरून (सामायिक स्टोरेज नेटवर्कवरून) जोडलेल्या डिस्कही येतात. कर्नलने दिलेली 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे दर बुटाला तीच राहतील याची खात्री नसते. एनव्हीएमई प्रकारची डिस्क असेल तर नावच वेगळे. म्हणून 'इग्नोरडिस्क'ने एकच डिस्क नेमून द्यावी, तीही शक्यतो तिच्या कायम ओळखीने. मशीन निरनिराळ्या घडणीची असतील, तर इन्स्टॉलआधी चालणाऱ्या प्री विभागातली स्क्रिप्ट डिस्क मोजून पार्टिशनच्या ओळी एका तात्पुरत्या फाइलीत लिहिते आणि मुख्य फाइल ती आत ओढून घेते. पासवर्डचेही तसेच. ही फाइल बहुधा साध्या एचटीटीपीवरून, ओळख न विचारता मिळते. त्या नेटवर्कवरचा कुणीही ती वाचू शकतो. पासवर्ड हॅश करून (परत उलगडता न येणाऱ्या रूपात) लिहिणे ही कमीत कमी काळजी.

बूट क्रमात नेटवर्क पहिले ठेवलेल्या मशीनची एक खोड आहे: इन्स्टॉल संपून रीबूट झाले, की ते पुन्हा इन्स्टॉलच सुरू करते. दुसऱ्या दिवशी येऊन पाहावे तर मशीन रात्रभर स्वतःला पुसत आणि भरत बसलेले. कॉब्लरमध्ये यावर सेटिंग आहे. इन्स्टॉल संपताना मशीन सर्व्हरला कळवते, सर्व्हर त्या सिस्टीमचे नेटबूट बंद करतो आणि पुढच्या वेळी मशीन स्वतःच्या डिस्कवरून उठते. पुन्हा इन्स्टॉल करायचे तर ते मुद्दाम चालू करावे लागते, आणि तसेच असावे.

उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत २०.०४ पासून प्रीसीडची जागा यामल या मजकुरी स्वरूपातील ऑटोइन्स्टॉलने घेतली. यूईएफआयमध्ये थेट एचटीटीपीवरून बूट होण्याची सोय आली. पण प्रोफाइलची जुनी मर्यादा तशीच आहे: ते इन्स्टॉलच्या वेळी एकदाच बोलते. आज प्रोफाइलमध्ये पॅकेज वाढवले, तर काल उभ्या केलेल्या मशीनला त्याचा पत्ता नसतो. चालू मशीन वळणावर ठेवण्यासाठी वेगळे साधन लागते, आणि कॉब्लरच्या त्याच डिहान यांनी २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल आणले. आता पुष्कळ ठिकाणी प्रोफाइल बारीक ठेवतात: डिस्क, नेटवर्क, एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याची) एक चावी. बाकीचे अ‍ॅन्सिबल पाहते.