भित्तिचित्रण, लोकपरंपरेतील (सोलापूर परिसर)

सण, व्रत वा लग्नकार्याच्या निमित्ताने घराच्या भिंतीवर काढलेली आणि बहुधा पुढच्या सारवणात पुसली जाणारी चित्रे. काढणाऱ्या प्रामुख्याने घरातील स्त्रिया; लग्नघराच्या दर्शनी भिंतीपुरता गावातील पेंटर. अजिंठ्याची लेणी किंवा वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणीसांचा वाडा येथील चित्रांशी या परंपरेची गल्लत होऊ नये. तेथे आश्रयदाता होता, शिकलेले चित्रकार होते आणि चित्र टिकावे हा हेतू होता. येथे यांपैकी काहीच नाही.

भिंत व साहित्य : सोलापूर, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट या पट्ट्यातील जुनी घरे दगड-मातीची आणि माळवदी, म्हणजे सपाट धाब्याची. जुन्या वस्तीच्या टेकाडावरची पांढरी माती भिंतीला व माळवदाला वापरीत. मातीत भुसा व शेण कालवून गिलावा होई; तो वाळला की पोतेऱ्याने वरून पातळ हात फिरवीत. चित्रासाठी जागा ठरलेली असे : देवघराची भिंत, चुलीमागची भिंत, कोठीची बाजू आणि दाराच्या दोन्ही अंगांना साधारण हातभर रुंदीचा पट्टा. विरवलेला चुना पांढऱ्यासाठी, गेरू तांबड्यासाठी, पिवडी पिवळ्यासाठी, कपड्यांची नीळ निळ्यासाठी व दिव्याची काजळी काळ्यासाठी वापरली जाई. डिंक घातला तर रंग हाताला कमी लागतो, पण व्रताच्या चित्रांत तो क्वचितच घालीत; चित्र वर्षभर राहावे अशी अपेक्षाच नसे. चुना देण्यासाठी केकताडाचे (घायपाताचे) पाते ठेचून केलेला कुंचा, तर बारीक रेघेसाठी काडीला गुंडाळलेला कापूस किंवा सरळ बोट.

तांदळाच्या पिठाचा रंग हा येथील भिंतीवरचा मूळचा रंग नव्हे. हा ज्वारीचा मुलूख आहे. पांढरेपण चुन्यातून येते. ही बाब किरकोळ वाटली तरी पुढे येणाऱ्या वारलीविषयक चर्चेत ती महत्त्वाची ठरते.

प्रसंग : नागपंचमीला भिंतीवर किंवा पाटावर हळद वा चंदनाने नाग काढतात, काही घरांत नागाच्या जोडीला नागीण व पिले असतात. त्या दिवशी चिरणे-कापणे व तवा चढवणे वर्ज्य असल्याने चित्राला हात लावण्याआधी स्वयंपाक उरकलेला असतो. श्रावणातील बुध-बृहस्पतीच्या व्रतात दोन बाहुल्या काढतात. त्यांची जागा व्रताच्या कहाणीनेच सांगितली आहे : धान्य हवे त्याने कोठीवर, पैसा हवा त्याने पेटीवर काढाव्यात. चित्र कुठे काढायचे हे मागणे काय आहे यावर ठरते, असा हा सरळ हिशेब आहे. आकृती मात्र अगदी साध्या असतात : वाटोळे डोके, उभी रेघ, हातापायांच्या चार रेघा. जिवतीचे चित्र एके काळी गेरूने किंवा गंधाने काढीत. छापील कागद बाजारात आल्यावर ते काम जवळजवळ संपले. नरसिंह, कालियामर्दन, लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती हे सारे आता एकाच कागदावर असते व तो श्रावणात भिंतीला चिकटवला जातो. भित्तिचित्राची जागा छापील चित्राने घेतल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठी मुलखात दुसरे क्वचितच सापडेल.

लग्नघराची भिंत वेगळी. चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर गणपती, कलश, केळीचे खांब, सोंड उंचावलेले दोन हत्ती किंवा भालदार-चोपदार, मोर आणि मधे ‘चि.’ व ‘चि. सौ. कां.’ लावून वधूवरांची नावे. तेलरंग आल्यापासून ही चित्रे पाच-दहा वर्षेही टिकतात आणि मुलीला दोन मुले झाली तरी बाहेरच्या भिंतीवर तिचे लग्न चालूच असते.

सोलापूर शहरात मराठी, कन्नड व तेलुगू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. विणकरीसाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत उंबऱ्याला हळद फासून कुंकवाचे ठिपके देण्यावर भर असतो, भिंतीवर कमी. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या (मिरवणुकीतील उंच सजवलेल्या काठ्यांच्या) मार्गावर लांबलचक रांगोळ्या काढतात. एकूण पाहता या शहराची रेखनाची हौस भिंतीपेक्षा जमिनीवर आणि मागावरच्या कापडात अधिक उतरली, असे म्हणावेसे वाटते.

काळ : या चित्रांचा काळ ठरवणे अवघड आहे, कारण भिंत दरवर्षी सारवली जाते. व्रतकहाण्यांचे छापील रूप अलीकडचे. मौखिक रूप त्याहून बरेच जुने असावे, इतकेच सावधपणे म्हणता येते.

वारली चित्रे व उगमाचा वाद : आज सोलापुरात ‘भिंतीवरची लोकचित्रे’ म्हटले की शाळांच्या व कार्यालयांच्या कुंपणभिंतींवरील त्रिकोणी धडांची, तारप्याभोवती (फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती) फेर धरलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. ती चित्रे येथील नव्हेत. वारली समाजाची वस्ती मुख्यतः पालघर जिल्ह्यात व लगतच्या डोंगरपट्ट्यात आहे. तेथील कुडाच्या, शेण वा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या चघळून मऊ केलेल्या काडीने चित्र काढतात. मूळ चित्र म्हणजे लग्नातील चौक. तो सवाष्णींनी काढायचा; मधे पालघट देवी, तिच्याभोवती नक्षीचे पट्टे, शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

उगमाविषयी तीन मते आढळतात. पहिले मत ही परंपरा नवाश्मयुगापर्यंत, इ. स. पू. सुमारे ३०००–२५०० इतकी मागे नेते. त्याचा मुख्य आधार भीमबेटका व इतर शैलाश्रयांतील रेषाकृतींशी दिसणारे साम्य हा आहे. दुसरे मत इ. स. दहाव्या शतकाच्या आसपासचा काळ सुचवते. तिसऱ्या मतानुसार विधी जुना असला तरी आज ओळखीची असलेली शैली अलीकडच्या काही पिढ्यांत घडली. साम्यावरून सातत्य सिद्ध होत नाही. दोन त्रिकोण टोकाशी जोडून माणूस दाखवणे ही युक्ती जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचलेली आहे. शिवाय कुडाची भिंत काही दशकांपलीकडे टिकत नाही, म्हणजे मधल्या हजारो वर्षांचा दुवा दाखवणारी एकही भिंत हाती नाही. त्यामुळे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पालघट देवीचे पूजन व धान्यसमृद्धीची कल्पना शैलीहून पुष्कळ जुनी असू शकते, हे त्यातही नाकारलेले नाही.

भिंतीवरून कागदावर झालेले स्थलांतर मात्र निश्चितपणे सांगता येते. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधील मिथिलेतील स्त्रियांना कागदावर चित्रे काढण्यास प्रवृत्त केले होते. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी वारली पाड्यांवरही काम केले. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८, पद्मश्री २०११) यांच्यामुळे हे चित्र विधीपासून सुटे झाले आणि स्त्रियांच्या हातून बव्हंशी पुरुषांच्या हाती गेले. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक निर्देशन (जीआय) मिळाले.

इतर शैली : गुजरात व मध्य प्रदेशातील राठवा व भिलाला आदिवासी पिठोरा हे भित्तिचित्र नवस फेडण्यासाठी काढतात; त्यात देवांचे घोडे प्रमुख. मिथिलेतील कोहबर हे चित्र नवदांपत्याच्या खोलीत असते. झारखंडातील हजारीबागची सोहराई व खोवर, ओडिशातील सौरा आदिवासींचे इदिताल आणि मध्य प्रदेशातील गोंडांचा डिग्णा याच वर्गात येतात. इदिताल व वारली यांच्या आकृती वरवर सारख्या दिसल्याने छापील कापडावर त्यांची सर्रास सरमिसळ होते.

सद्यस्थिती : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लगतच्या जिल्ह्यांतही दगड-मातीच्या घरांवरचा विश्वास उडाला. सिमेंटचा गिलावा व ऑइलपेंट आल्यावर सारवणे थांबले आणि त्यासोबत दरवर्षी नवे काढण्याचे कारणही गेले. लग्नघरावर पेंटरऐवजी फ्लेक्स लागतो. जिल्हा परिषद शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ उपक्रमात पाढे, नकाशे व वारली नक्षी शेजारी-शेजारी रंगवली जातात. नागपंचमीचा नाग किंवा कोठीवरच्या बाहुल्या त्यांत सहसा नसतात.