हार्ड डिस्कवरून एसएसडीवर ऑपरेटिंग सिस्टिम हलवणे

हार्ड डिस्कवर आधीपासून चालत असलेली विंडोज किंवा लिनक्स, त्यातले प्रोग्रॅम, सेटिंग, फॉन्ट, सगळं जसंच्या तसं उचलून एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली चिपवाली डिस्क) आणायचं आणि मग कॉम्प्युटर त्या एसएसडीवरूनच सुरू करायचा, याला बोलीत क्लोन करणं म्हणतात. दुसरा रस्ता म्हणजे कोऱ्या एसएसडीवर नवीन विंडोज मारायचं आणि बाकीचं सामान एकेक करून परत भरायचं. इंदूरला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये, जिथे कॉम्प्युटरची दुकानं आहेत, तिथे जुना लॅपटॉप घेऊन गेलात तर प्रश्न हाच येतो, नवीन टाकू का सगळं तसंच पाहिजे, आणि बरेच जण जास्त विचार न करता "टाका नवीन" म्हणून मोकळे होतात. माझ्या मते ही घाई आहे, ते का ते खाली येईलच.

आधी एवढा फरक का पडतो ते. हार्ड डिस्क हे मुळात फिरणारं मशीन. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली काढली तेव्हा २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं. तबकड्या लहान झाल्या, माल लाखो पटींनी जास्त मावायला लागला, पण तत्त्व तेच राहिलं. लॅपटॉपमधली तबकडी बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, आता हेड (वाचणारं टोक) आधी सरकून योग्य पट्ट्यावर जाणार, मग पाहिजे तो तुकडा फिरत फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबणार, त्यामुळे एकेका वाचनाला १५ मिलिसेकंदांच्या आसपास जातात. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे डिस्कभर इकडून तिकडून वाचते, म्हणून डिस्कचा तो लाल दिवा लुकलुकत राहतो आणि माणूस चहा करून येतो. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, फ्लॅश मेमरीच्या चिप्स (ही मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी १९८० च्या दशकात शोधली), आणि कुठलाही तुकडा ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास हाती येतो. म्हणून मदरबोर्ड जुना असला, साटाची (डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत) दुसरी पिढी असली आणि एसएसडीला सेकंदाला ५५० ऐवजी २७० एमबीचाच स्पीड मिळाला, तरी रोजच्या वापरात मशीन पार बदलल्यासारखं वाटतं. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर रॅमच्या आधी एसएसडी टाका असं मी सगळ्यांना सांगतो.

विकत घेताना एक गोची होते. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी लागते, नव्यांत एम डॉट टू ची पट्टी बसते, पण पट्टी दिसायला सारखी असली तरी आतून साटा किंवा एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान नवी पद्धत) वेगळी असते, आणि खाचेला जी चालते तीच चालते. मॉडेल नंबर बघितल्याशिवाय घेऊ नका.

आता क्लोन. साध्या कॉपी पेस्टने हे होत नाही, कारण विंडोज चालू असताना तिच्या काही फायली कुलूपबंद असतात आणि बूट करणारा भाग तर वेगळ्याच छोट्या पार्टिशनमध्ये (डिस्कचा वेगळा कप्पा) लपलेला असतो, यूईएफआयवाल्या (जुन्या बायोसच्या जागी आलेली सुरुवातीची व्यवस्था) मशीनला एक ईएफआयचं, शिवाय रिकव्हरीचं, ही सगळी गेली पाहिजेत, एकटा सी ड्राइव्ह नेला तर एसएसडी सुरूच होत नाही. क्लोनझिलासारखी फुकट टूल आहेत, काही एसएसडी कंपन्या स्वतःचं सॉफ्टवेअर देतात. लॅपटॉपला दुसऱ्या डिस्कची जागा नसेल तर साटा ते यूएसबी केबलने एसएसडी बाहेरून जोडायची. एसएसडी लहान असली तरी चालतं, १ टीबीच्या डिस्कवर १५० जीबीच भरलेलं असेल तर २५६ जीबीत येतं, फक्त पार्टिशन आधी आखडून घ्यावी लागते किंवा तसं करणारं टूल लागतं (क्लोनझिला हे आपणहून करत नाही). लग्नाचे व्हिडिओ वगैरे आधीच बाहेर काढा. मधेच लाइट गेली तरी फार घाबरायचं कारण नाही, जुन्या डिस्कवरून फक्त वाचणं चाललेलं असतं, परत पहिल्यापासून सुरू करायचं. घात होतो तो कुठली डिस्क कुठली हे निवडताना, उलटं निवडलं की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं साफ. आकार आणि कंपनीचं नाव दोनदा वाचा, दोन्ही डिस्क सारख्याच आकाराच्या असतील तर तीनदा.

त्याच्याही आधी जुन्या डिस्कची तब्येत. स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकडे दाखवणारं एखादं टूल लावून रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे तुकडे, बघायचे. खराब सेक्टर निघाले तर क्लोन मधेच अडकतो, आणि अशा डिस्कला पुन्हा पुन्हा रेटलं तर आहे तेही जातं, तिथे आधी महत्त्वाच्या फायली काढून घ्यायच्या आणि मग डीडीरेस्क्यूसारखं खराब जागा सोडून पुढे जाणारं टूल वापरायचं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर थांबवून ठेवायचं आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यायची.

क्लोन झाला की मशीन बंद करून जुनी डिस्क काढायची आणि पहिल्यांदा फक्त एसएसडीवर सुरू करायचं. दोन्ही लावून ठेवल्या तर दोघींची ओळख एकच असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन टाकते, किंवा दिसायला सगळं ठीक आणि आतून जुनीच डिस्क सी म्हणून चालू, असा घोळ होतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलात आणि निळी स्क्रीन आली तर एकदा सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर) सुरू करून बघा, बऱ्याचदा ड्रायव्हर तिथेच जागेवर येतो. लिनक्सला त्रास कमी, क्लोनमध्ये यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) तोच राहतो, नुसत्या फायली हलवल्या असतील तर मात्र एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे लावायचं ती यादी) आणि ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) दोन्ही सुधारायला लागतात.

आता नवीन मारायची घाई का नको ते. इंदूरच्याच रामबागेकडच्या आमच्या ओळखीच्या एका काकांचं छपाईसाठी पत्रिका, स्मरणिका कॉम्प्युटरवर मांडायचं काम आहे, मराठी आणि हिंदी दोन्ही. एका दुकानात (नाव घेत नाही) त्यांना नवीन विंडोज मारून दिलं, मशीन पळायला लागलं, पण जुन्या नॉन-युनिकोड (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेताच्या आधीच्या) फॉन्टातल्या दहा-बारा वर्षांच्या फायली उघडल्या तर सगळी अगम्य इंग्रजी अक्षरं. अशा फायलीत मराठी अक्षर नसतंच, रोमन चिन्हांवर फॉन्टने चढवलेलं रूप असतं, फॉन्ट गेला की मजकूर गेल्यासारखाच. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची डाँगल (लायसन्सची यूएसबी चावी) होती, पण तिचं ते जुनं सेटअप कुठे सापडेना. सुदैवाने जुनी डिस्क पुसलेली नव्हती, परत लावली, क्लोन केला, सगळं जागेवर आलं. टॅलीवर हिशेब ठेवणारे, कुंडलीचं जुनं सॉफ्टवेअर चालवणारे, सगळ्यांची हीच गोष्ट, जिथे प्रोग्रॅमची सीडी आणि लायसन्स हाताशी नाही तिथे क्लोनच. उलट मशीनमध्ये व्हायरस असेल, विंडोज आधीच बिघडलेली असेल तर क्लोनमध्ये तो बिघाडही तसाच येतो, तिथे नवीन टाकणं बरोबर.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि ठराविक नवे प्रोसेसर लागतात, एसएसडी टाकून ही अट सुटत नाही. ज्यांचं मशीन त्यात बसत नाही त्यांनी तीच एसएसडी लिनक्ससाठी वापरली तर लॅपटॉप अजून बरीच वर्षं कामाला येतो.

एसएसडीवर डिफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे जवळ आणणं) करायचं नसतं, विंडोज ८ पासून पुढे ती एसएसडी ओळखून ट्रिम चालवते. ट्रिममुळे पुसलेल्या फायलीच्या जागा आतून खरंच रिकाम्या होतात, म्हणून हार्ड डिस्कवरून चुकून उडालेला फोटो जसा रिकव्हरीवाले काढून देतात तसा एसएसडीवरून बहुतेक निघत नाही. म्हणूनच जुनी हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नये, महिनाभर रोजचं सगळं काम एसएसडीवर नीट होतंय हे बघावं, आणि मग तिला यूएसबी केसिंगमध्ये टाकून बॅकअपला लावावं.