टाल्कम पावडर: वाद नेमका कशाचा?

चिमूटभर टाल्कम पावडर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळली तर बोटे तेल लावल्यासारखी एकमेकांवरून सरकतात. हा गुण दगडाचा आहे. टाल्क म्हणजे आपले शंखजिरे. मॅग्नेशियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि थोडा हायड्रोजन यांचे हे खनिज, पत्त्यांच्या गड्डीसारखे थरावर थर रचलेले. थरांची एकमेकांवरची पकड इतकी सैल, की जरा दाब पडला तरी ते घसरतात. फ्रीडरिश मोह्सने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची श्रेणी लावली, तिच्यात हिऱ्याला १० आणि शंखजिऱ्याला १ आहे. त्याच्यावर नखानेही ओरखडा उठतो.

घरात पावडर कामी येते ती या घसरण्यामुळे. जांघेत, काखेत, जिथे कातडी कातडीला घासते तिथे ती घर्षण कमी करते. घाम शोषण्याचे श्रेय मात्र तिला उगाच दिले जाते. शंखजिरे पाणी फारसे धरत नाही आणि घाम येणे तर मुळीच थांबवत नाही. तेल ते चांगले टिपते, म्हणून कपड्यावरच्या ताज्या तेलकट डागावर पावडर टाकून ठेवली की डाग फिका होतो.

हे खनिज डब्यात भरून घरोघरी पोहोचले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. अमेरिकेत गेऱ्हार्ड मेनन या औषधविक्रेत्याने बोरिक अॅसिड मिसळलेली बाळांची पावडर काढली. जॉन्सन अँड जॉन्सनची गोष्ट जरा वेगळी. कंपनीच्या औषधी चिकटपट्ट्यांनी रुग्णाच्या कातडीला खाज सुटते अशी एका डॉक्टरची तक्रार आली, तेव्हा फ्रेड किल्मर या तिथल्या शास्त्रज्ञाने त्यांना इटालियन टाल्कचा डबा पाठवून दिला. त्यातूनच पुढे १८९४ मध्ये बेबी पावडर बाजारात आली. पांढरी, मऊ, सुवासिक. त्यामुळे ती निर्धोकच असणार, हा समज तेव्हापासून पक्का होत गेला. पावडरने कर्करोग होतो का, या वादापर्यंत पोहोचलेल्या पुढच्या सगळ्या गुंत्याचे मूळ माझ्या मते या समजात आहे.

कारण पावडरचा धोका तीन निरनिराळ्या गोष्टींतून येतो आणि चर्चेत त्या तिन्हींची खिचडी होते. टाल्कमध्ये काय मिसळले, खाणीतून त्याच्यासोबत काय आले आणि ते शरीरात कुठवर गेले, हे तीन प्रश्न वेगळे आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी मिळाले. जंतुनाशक म्हणून नावाजलेले बोरिक अॅसिड सोललेल्या कातडीतून बाळाच्या रक्तात उतरते आणि विषारी ठरते, हे अनेक वर्षांनी ध्यानात आले. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये तर अनर्थच झाला. मोरांज नावाच्या बेबी पावडरच्या काही साठ्यात हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून ६ टक्क्यांहून अधिक मिसळले गेले. २०४ मुले आजारी पडली, त्यांतली ३६ दगावली. ढुंगणावर पुरळ उठले म्हणून आईबापांनी हीच पावडर आणखी लावली असेल, या विचाराने आजही पोटात कालवते. इथे शंखजिऱ्याचा दोष नव्हता, पण डबा तोच होता.

दुसरा प्रश्न खाणीचा. टाल्क ज्या खडकांत तयार होते, त्यांतच पुष्कळदा अॅस्बेस्टॉसही तयार होते. ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट, क्रिसोटाइल ही त्याची तंतुमय रूपे टाल्कच्या शेजारी, कधी तर त्याच शिरेत सापडतात. अॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसाचा आणि त्याच्या आवरणाचा कर्करोग होतो, याबद्दल दुमत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९७६ मध्ये बाजारातली टाल्कची २० उत्पादने तपासली. त्यांतल्या १० मध्ये ट्रेमोलाइट किंवा अँथोफिलाइट मिळाले, काहींत टक्क्याच्या दशांशांत तर एकात १४ टक्क्यांहून जास्त. त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रसाधन उद्योगाच्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी अॅस्बेस्टॉसमुक्त टाल्कचे प्रमाण ठरवले. ते ऐच्छिक होते. शिवाय त्यातल्या क्ष-किरण चाचणीची नजर साधारण ०.५ टक्क्यापर्यंतच पोहोचायची. म्हणजे एका ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी अॅस्बेस्टॉस असेल तर ‘आढळले नाही’ असा शेरा मिळू शकत होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक याहून कितीतरी बारीक पाहू शकतो. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ या दोन शेऱ्यांमधल्या फटीत पुढची कित्येक वर्षे गेली.

तिसरा प्रश्न वाटेचा. कातडीवर, निदान धडधाकट कातडीवर, टाल्क जागच्या जागी राहते. आत गेले की गोष्ट बदलते. शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे सहज चढावेत म्हणून पूर्वी त्यांना टाल्क लावत. ते रुग्णाच्या पोटात सांडून गाठी आणि चिकटलेली आतडी दिसू लागली, तेव्हा १९४० च्या दशकाच्या शेवटी त्याची जागा मक्याच्या स्टार्चने घेतली. तोही पुढे त्रासदायक ठरला आणि २०१७ मध्ये अमेरिकेने पावडर लावलेले वैद्यकीय हातमोजेच बंद केले. उलट, टाल्कने ऊतींचा दाह होतो याच गुणाचा डॉक्टरांनी उपयोगही करून घेतला. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यचिकित्सकाने १९३५ मध्ये छातीतल्या आवरणाचे दोन पदर एकमेकांना चिकटावेत म्हणून मुद्दाम टाल्क वापरले. छातीत पुन्हा पुन्हा पाणी साठणाऱ्या रुग्णांवर हा उपचार आजही होतो.

तान्ह्या मुलांची वाट नाकातोंडाची. बाळाच्या हातात खेळायला दिलेला डबा उलटतो, तोंडावर पावडरचा लोट येतो. बारीक कण श्वासनलिकेच्या टोकापर्यंत जाऊन तिथला ओलावा सुकवतात आणि नळ्या बुजवतात. मूल सुरुवातीला ठीक दिसते, काही तासांनी श्वास अडखळू लागतो. अशी मुले दगावलीही आहेत. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकाने बेबी पावडर हा धोका आहे असा इशारा १९८१ मध्येच दिला होता. कर्करोगाच्या गदारोळात हा साधा, तत्काळ धोका मागे पडला, याची मला खरोखर खंत वाटते.

आता कर्करोग. १९७१ मध्ये कार्डिफच्या संशोधकांना स्त्रियांच्या बीजांडकोशाच्या गाठींमध्ये टाल्कचे कण दिसले. १९८२ मध्ये बोस्टनच्या डॅनियल क्रेमर या संशोधकांनी बीजांडकोशाचा कर्करोग झालेल्या २१५ स्त्रियांची तुलना तेवढ्याच इतर स्त्रियांशी केली. जननेंद्रियांजवळ किंवा सॅनिटरी पॅडवर टाल्क वापरणाऱ्यांत धोका जवळपास दुप्पट दिसला. पण आजार झाल्यावर माणूस मागचे जास्त खोदून आठवतो, ही अशा अभ्यासांची अडचण असते. म्हणून २०२० मध्ये निरोगी असतानाच नोंदी घेतलेल्या चार मोठ्या अभ्यासांतल्या २,५२,७४५ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. एकूण वाढ फक्त ८ टक्के निघाली, योगायोगही असू शकेल एवढी. ज्यांचे गर्भाशय आणि गर्भनलिका शाबूत, म्हणजे आतली वाट मोकळी होती, त्यांच्यात ती १३ टक्के होती. मला हा आकडा मोलाचा वाटतो, कारण तो पुन्हा वाटेकडेच बोट दाखवतो.

प्रयोगशाळांत चर्चा चालू असतानाच प्रकरण कोर्टात पोहोचले होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या ज्युरीने जॉन्सन अँड जॉन्सनने २२ स्त्रियांना ४.६९ अब्ज डॉलर द्यावेत असा निकाल दिला. अपिलात ही रक्कम निम्म्याहून कमी झाली. त्याच वर्षी रॉयटर्सने कंपनीची जुनी कागदपत्रे बाहेर काढली. काही चाचण्यांत थोडे अॅस्बेस्टॉस सापडल्याच्या नोंदी त्यांत होत्या. कंपनीने हे आरोप फेटाळले. २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला एका बाटलीत क्रिसोटाइलचा अंश मिळाल्यावर सुमारे ३३,००० बाटल्या परत मागवल्या गेल्या. २०२० मध्ये अमेरिका आणि कॅनडात, २०२३ मध्ये जगभर कंपनीने बेबी पावडरमधले टाल्क काढून मक्याचे स्टार्च आणले.

जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा २ए गटात टाकले. हा गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. एखाद्याने पाठीला कधीमधी लावलेली पावडर आणि वर्षानुवर्षे रोज जांघेत टाकलेली पावडर यांना त्यात वेगवेगळे गुण मिळत नाहीत.

मोठ्या माणसाने ती चेहऱ्यापासून लांब तळहातावर घेऊन काखेत, पाठीला चोळली तर मला फारशी चिंता वाटत नाही. स्त्रियांनी जननेंद्रियांजवळ ती वापरू नये, कारण तिथे तिची गरजच नाही. बाळाच्या बाबतीत टाल्कचा डबा टाकून स्टार्चचा आणल्याने भागत नाही, कारण श्वासात तोही जातो. मऊ कापडाने घड्या हलक्या हाताने टिपून कोरड्या कराव्यात, लंगोट वेळेवर बदलावा आणि कातडी लाल झाली असेल तर झिंक ऑक्साइडचे मलम लावावे.